म्हशीचा कप्पा, हारुनचा कप्पा

मी एक जुनी घंटागाडी आहे, आणि मित्रांनो, जालना जिल्ह्यातल्या एका अख्ख्या शहराचं आरोग्य माझ्या खांद्यावर आहे. मला खांदे नाहीत. चार चाकं आहेत, त्यातलं मागचं डावं स्टेपनीचं आहे. आणि शहर म्हणाल, तर नगरपंचायत होईपर्यंत ते गावच होतं.

मी आले तेव्हा मला हार घातला, नारळ फोडला. त्या नारळाची करवंटी हाच माझ्यात पडलेला पहिला कचरा. ती ओली की सुकी, यावर तिथल्या तिथे दोन मतं पडली. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मला दोन कप्पे आहेत. हिरवा ओल्या कचऱ्यासाठी, निळा सुक्यासाठी. हिरव्यातलं गावाबाहेरच्या खड्ड्यात जाऊन त्याचं खत व्हायचं, निळ्यातलं भंगारात जाऊन पुन्हा कामाला यायचं. पुढे कल्याण मला चालवी, मागे मैमूना कचरा घेई. भोंग्यातून एक बाई दिवसभर सांगे, ओला कचरा हिरव्यात, सुका कचरा निळ्यात. लोकांनी तिचं शब्दशः ऐकलं. घोटाळा झाला तो त्यामुळे.

एके सकाळी गोजरबाईंनी दुधाची पिशवी विसळून हिरव्यात टाकली.

"मावशी, हे प्लास्टिक हाय," मैमूना म्हणाली.

"मंग? पाणी गळून राह्यलं त्याचं. ओलं न्हाई तर काय हाय?"

"अन् ह्या टरबुजाच्या साली निळ्यात?"

"तीन दिवस पत्र्यावर वाळवल्या बाई. हात लावून बघ. पापडावानी वाजतेत."

वाजत होत्या. त्या उन्हाळ्यात गल्लोगल्ली पत्र्यांवर कुरडयांच्या शेजारी कचरा वाळत होता. पावसाळ्यात सगळाच ओला, म्हणून वर्तमानपत्रंही हिरव्यात आली. यात कुणाचा आळस नव्हता. आमच्याकडे ओला आणि कोरडा हे दुष्काळाचे प्रकार आहेत, आणि ते आभाळाकडे बघून ठरतात.

ज्यांनी आमचं खत शेतात नेलं, त्यांनी ते परत आणून टाकलं. त्यातून दुधाच्या पिशव्या कापसासारख्या फुटून आल्या होत्या. मग वरून पत्र आलं. पुढच्या सोमवारी तपासणी, आणि हिरव्या कप्प्यात प्लास्टिक सापडलं तर घंटागाडी बंद. सगळा कचरा एकत्र करून ठेकेदाराचा ट्रॅक्टर नेणार, आणि ठेकेदार आपली माणसं आणणार. म्हणजे मी कार्यालयामागच्या बाभळीखाली. तिथे माझ्या आधीची गाडी उभी आहे. तिच्यात एक कोंबडी अंडी घालते. मैमूनाला तर तेवढीही सोय नव्हती. तिची मुलगी कहकशा जालन्याला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती, आणि घरात कमावणारी एकटी मैमूनाच.

"आपा, मला ट्रॅक्टर बी येतो," कल्याण म्हणाला. "तुमचं कसं व्हईल?"

"लई धीर दिला रे. आता गाडी काढ."

मंगळवारी तिने पहिलं काम केलं ते भोंगा बंद करण्याचं. मग गोजरबाईंच्या दारात उभी राहिली.

"मावशी, तुमच्या शेजारची म्हैस काय खाते?"

"साली, देठं, शिळी भाकर."

"वाळल्याली बी?"

"खाते की. तिला काय माज न्हाई."

"मंग म्हैस खाईल ते हिरव्यात. ओलं असू दे, वाळलेलं असू दे. अन् हारुनभाई भंगारवाला घेईल ते निळ्यात."

"अस्सं सांग ना मंग. दोन वरसं ती भोंग्यातली बाई डोकं खाऊन राह्यली."

हाडं म्हैस खात नाही, पण तेवढ्यापुरती मैमूनाने म्हशीच्या वतीने सूट दिली. चार दिवसांत घराघरातून "म्हशीचं झालं, हारुनचं राह्यलं" असं ऐकू येऊ लागलं. हारुनला पहिल्यांदा राग आला. पुढे सवय झाली.

सोमवारी तपासणीचे साहेब आले ते नेमके गोजरबाईंच्या दारात.

"आजी, ओला कचरा कशात टाकता?"

"आमच्याकडं ओला कचरा न्हाई."

"बरं, सुका?"

"त्यो बी न्हाई. मागल्या मंगळवारी बंद झाला."

साहेबांनी लिहून घेतलं. मैमूनाने माझ्या पत्र्याला हात टेकला.

"मग हातात काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"हे म्हशीचं, हे हारुनचं."

"हारुन कोण?"

"तुमी जालन्याहून आलात काय? इथं समद्यांला ठावं हाय."

साहेबांनी माझा हिरवा कप्पा उघडायला लावला आणि काठीने तळापर्यंत ढवळला. साली, देठं, चहाचा चोथा, एक अख्खी भाकरी. त्यांनी दुसऱ्या बाजूनेही ढवळला. प्लास्टिक निघालं नाही.

"गाडी चालू राहू द्या," ते म्हणाले, आणि रुमालाने नाक पुसत जीपमध्ये बसले.

मैमूना माझ्या मागच्या पायरीवर बसली आणि बाटलीभर पाणी एका दमात प्यायली. मग कहकशाला फोन लावून, जेवलीस का, एवढंच विचारलं. कल्याणने किल्ली फिरवली तर मी पहिल्या झटक्यात सुरू झाले. असं मी सहसा करत नाही.

तर मित्रांनो, मला रंग देऊ नका, हारही घालू नका. तुमच्या दारात म्हैस नसेल तर शेजारची आठवा आणि कचरा वेगळा करा. पिशवीला गाठ मारून देऊ नका. ती गाठ मैमूना हाताने सोडते, आणि तिच्या हातमोज्याची दोन बोटं फाटली आहेत.

महिन्याने तपासणीचा अहवाल आला. गाडी चालू ठेवावी, असं त्यात आहे. खाली शेरा आहे: नागरिकांस ओला व सुका हा फरक ज्ञात नाही, सबब फलक लावावेत. एकवीस फलक लागले. सगळे फ्लेक्सचे. चार वाऱ्याने फाटून माझ्यात आले आहेत. फ्लेक्स म्हैस खात नाही आणि हारुन घेत नाही.