अकराची तपासणी

ध्वनिमुद्रणांच्या त्या ग्रंथालयात त्याला सगळे कुलूपराव म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. संगणकांची सुरक्षा त्याच्याकडे होती. कोणत्या प्रोग्रॅमला किती मोकळीक द्यायची हे तो ठरवायचा, आणि देताना त्याचा हात फार आखडायचा.

सीडी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र पहिल्यापासून सगळे हक्क होते, बाकीची कामं थोपवून धरण्याचासुद्धा. लिहिताना मध्येच दुसरं काम घुसलं तर सीडी बाद होते, म्हणून. कुलूपरावाने ते काढून घेतले. एवढे हक्क असलेल्या प्रोग्रॅममधून कुणीही चोरपावलांनी आत शिरेल, हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. त्याने दहा सीड्या लिहून पाहिल्या. दहाही ठणठणीत.

"संध्याकाळी लिहिल्यात त्या, संगणक रिकामा असताना," मुद्रणखोलीतल्या ताई म्हणाल्या. "कामाच्या वेळी बघा एकदा."

"बघू," तो म्हणाला आणि विसरला.

पुढच्याच आठवड्यात तो स्वतः एक टेप घेऊन ताईंकडे आला. मामांच्या ट्रंकेत सापडलेली. तिच्यावर आईचा आवाज होता. आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि धाकटी बहीण पाच महिन्यांची. तिला आईचा आवाज ठाऊकच नव्हता.

ताईंनी टेप उजेडात धरली. "पार झिजलीय. फार तर एकदा वाजेल. आधी संगणकात साठवू?"

"खासगी काही साठवायचं नाही. नियम आहे."

"तुमचाच ना तो! मग प्रोग्रॅमला आजच्यापुरते हक्क तरी परत द्या."

"माझ्या घरच्या कामासाठी? लोक काय म्हणतील, ताई?"

पावणेअकराला टेप सुरू झाली आणि वाजेल तशी थेट सीडीवर लिहिली जाऊ लागली. टेपयंत्रापाशी बसून त्याने हेडफोन कानाला लावले. आई मामांशी हसत बोलत होती. "ही बघ, जांभई देतेय माझी चिमणी." त्याला भडभडून आलं.

बरोबर अकराला संगणक घरघरला. रोजची व्हायरस तपासणी, त्यानेच लावून दिलेली. पडद्यावर लाल ओळ आली: सीडी लिहिणं थांबलं. संगणकापाशी बसलेल्या ताई ओरडल्या, "टेप थांबवा!" पण त्याला भान कुठलं? तो ऐकत बसला होता.

टेप संपली तेव्हा यंत्रात तपकिरी भुकटी पडली होती. अर्धवट सीडी कुठल्याच यंत्रात वाजेना.

घरी बहिणीने सीडीप्लेअर पुसून ठेवला होता. त्याने काही न लपवता सगळं सांगितलं.

"पुन्हा नाही लावता येणार?"

"नाही गं."

"तू ऐकलंस?"

"शेवटपर्यंत."

तिने प्लेअरची वायर काढून गुंडाळली.

"पण दादा," ती म्हणाली, "तुला तर तिचा आवाज आठवत होता."