तिसरी फुली

आमच्या ऑफिसात आम्हाला वरून खाली बघण्याचा पगार मिळतो. उपग्रह दर दहा मिनिटांनी एक चित्र पाठवतो. त्यातला धूर आणि उडती धूळ शोधायची, कडेने रेघ मारायची, नाव द्यायचं आणि नकाशा शाळा-दवाखान्यांना पाठवायचा. धूळ असली तर काम तिथे संपलं. धूर असला तर एकेक चित्र मागे नेत तो जिथून उठला तिथे फुली मारायची. फुली पडली की तपासनीस निघतात. धुळीला मालक नसतो, धुराला असतो.

रेघ मारतो घारोबा. नजरेमुळे पडलेलं नाव. दुसरी सही माझी. नियमाने मी चित्र नव्याने तपासायचं असतं. प्रत्यक्षात तो "बघ रे" म्हणतो, मी चहाच्या कपावरून बघतो आणि सही होते. सहा वर्षांत त्याची एकही रेघ मी खोडलेली नाही. याला आम्ही विश्वास म्हणतो. आळशी माणसांना असे चांगले शब्द पटकन सापडतात.

त्या सकाळी एक राखाडी पट्टा शाळेवरून सरकत होता. घारोबा चित्रं मागे नेऊ लागला. पट्टा बारीक होत होत एका भंगाराच्या आवारात शिरला. आवार त्याच्या मेहुण्याचं. तारांवरचं प्लास्टिक जाळून तांबं काढायचा धंदा. आधीच्या दोन फुल्या घारोबाच्या रजेत माझ्याच हातून पडल्या होत्या. तिसरीला कुलूप, असं पत्र मेहुण्याला आलेलं. बहिणीचा संसार त्याच आवारावर चालतो.

"काय घारोबा, पाव तास एकाच चित्रावर? प्रेमात पडलास की काय?"

"धूळ आहे," तो म्हणाला. "वारा बघ किती सुटलाय."

वारा सुटला होता खरा. पण उष्णतेचं एक वेगळं चित्र असतं. त्यात धूळ गुलाबी दिसते, असला धूर दिसतच नाही. ते उघडायला अर्धं मिनिट लागतं. मी घारोबाचा चेहरा बघितला, आवार ओळखलं आणि ते अर्धं मिनिट वाचवलं.

शाळेला धुळीची सूचना गेली: खिडक्या लावा, तोंडाला ओला फडका बांधा. धुराची गेली असती तर पोरांना तिथून हलवलं असतं.

दोन वाजता त्याच्या बहिणीचा फोन आला. घारोबाने तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"दादा, माझ्या पोरीला शाळेतून थेट दवाखान्यात आणलंय. धाप थांबेना. डॉक्टर म्हणतात, नकाशावर धूळ आहे, वाफ देऊन घरी न्या. धूळच आहे ना रे?"

घारोबाने सकाळचं चित्र पुन्हा पडद्यावर आणलं.

"मिठाची गुळणी धरलीस का? बोल ना!"

"धूर आहे. तारांचा. घरी नेऊ नकोस तिला. ऑक्सिजन लावा म्हणावं."

"तारांचा म्हणजे… आपल्या?"

"हो."

पलीकडून खोकला ऐकू आला. एकाच पोरीचा नव्हता.

"डॉक्टरांच्या कानात मी सांगते," ती म्हणाली. "नकाशात राहू दे तुझी धूळ."

"आणि बाकीची पोरं?"

"अकरा आहेत रांगेत." तिने मोजली होती. "कुणाकुणाचं बघू मी? आवार गेलं तर हिला खायला काय घालू?"

फोन बंद झाला. घारोबाने रेघ निवडली, धूळ खोडून धूर लिहिलं आणि आवारावर फुली ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सही."

मी आता ते दुसरं चित्र उघडलं. गुलाबी कुठेच नव्हतं. बदलाचं कारण लिहावं लागतं. 'सकाळी तपासलं नाही,' असं लिहून मी सही केली.

दवाखान्याने आठ पोरं थांबवून घेतली. तिघं वाफ घेऊन घरी गेली होती, त्यांना शोधायला माणूस धावला. तपासनीस कुलूप घेऊन निघाले.

चार वाजता बहिणीचा पुन्हा फोन आला. मागे कसलं तरी मशीन घरघरत होतं.

"आपलं आवार आहे, हे तुला सकाळीच दिसलं होतं?"

"हो."

"मग सकाळीच का नाही मारलीस रे फुली?"

घारोबाने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे.