उर्वशीची साक्ष

दिव्यानीच्या पायात कळ उठली ती नेमकी प्रार्थनासभेच्या दिवशी, मंडपात येऊन बसल्यावर. पोरीनं आईच्या, उर्वशीच्या, मांडीवर डोकं टाकलं आणि ओठ घट्ट दाबून धरले. नऊ वर्षांच्या लेकराला दुखणं लपवता यावं, ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे. पण ते तिला उर्वशीनंच शिकवलं होतं.

"लय दुखून राह्यलं काय?" उर्वशीनं तिच्या कानाशी विचारलं.

"थोडसंच," पोर म्हणाली. तिच्या कपाळावर घाम डवरला होता.

दिव्यानीला सिकलसेल होता. रक्ताचा आजार, जन्मापासूनचा. रोजच्या रोज गोळ्या घ्यायच्या, पाणी भरपूर प्यायचं, थंडीपासून जपायचं, आणि एवढं करूनही कधी हातपाय दुखायला लागले की पोर गुरासारखी ओरडायची. सासरच्यांनी देवदेवस्की केली, कोंबडी कापली. नवरा निकेश मिरची तोडायला तेलंगणात जाई, तिथून फोनवर नुसता उसासे टाकी. शेवटी हात टेकून उर्वशी गावातल्या चार ख्रिस्ती घरांच्या प्रार्थनेला जाऊ लागली, आणि सासरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

तिथे प्रफुल पास्टर मोटारसायकलवर यायचे. माणूस साधा, मनाचा हळवा. त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्वतःचीच लेक असल्यासारखे रडले. त्यानंतर अख्ख्या पावसाळ्यात कळ आली नाही.

मग एका रविवारी उर्वशी उठून उभी राहिली आणि तिनं साक्ष दिली. देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, त्याला हे लोक साक्ष म्हणतात. उर्वशीचं बोलणं जन्मात कुणी इतकं शांतपणे ऐकलं नव्हतं. बायांनी पदरानं डोळे पुसले, म्हाताऱ्या माणसांनी तिला ताई म्हटलं. पास्टर तर हरखूनच गेले. ते तिला या गावच्या सभेला, त्या गावच्या सभेला नेऊ लागले.

पण साक्षीला एक खोड असते. दर सभेला ती थोडी वाढते. आधी उर्वशी म्हणायची, कळा कमी झाल्या. मग म्हणू लागली, कळा गेल्या. आणि एका भरल्या मंडपात, माइक हातात असताना, तिच्या तोंडून निघून गेलं की आता गोळीसुद्धा लागत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गोळ्या बंद कर असं तिला ना पास्टरांनी सांगितलं होतं, ना आणखी कुणी. तिनं त्या आपल्याच शब्दासाठी बंद केल्या. एवढ्या लोकांत बोलून बसल्यावर सकाळी उठून पोरीच्या हातावर गोळी ठेवायची, म्हणजे येशूला खोटं पाडायचं, असं तिला वाटे. मग थंडी पडली आणि कळा परत आल्या. तेव्हा ती पोरीला म्हणाली, "कोनाले सांगू नको बाई. आपला विश्वास कमी पडून राह्यला."

आजची सभा वडशाजवळ होती, सगळ्यांत मोठी. नाटकांचा हंगाम चालू होता, त्यामुळे मंडप आणि भोंगे नाटकवाल्यांकडूनच आणले होते. गाणं संपलं की उर्वशीनं बोलायचं, असं ठरलं होतं.

तेवढ्यात एक बाई तिच्याजवळ सरकून बसली. तिच्या मांडीवर मुलगा होता. अंगानं वाळलेला, डोळे पिवळे. सिकलसेलचे ते डोळे उर्वशी कुठेही ओळखू शकली असती.

"तूच काय व दिव्यानीची माय? मी रैनी, कोरचीकडची. मागच्या सभेत तुले आयकलं." बाईचा चेहरा आनंदानं फुलला होता. "मंग मी बी याच्या गोळ्या फेकून देल्ल्या. म्हटलं, तुह्या पोरीले होते, त माह्या पोराले काऊन नाई होनार?"

उर्वशीनं जे केलं ते आपल्या पोरीपुरतं केलं होतं. तिचा शब्द कोरचीकडच्या कुणाच्या घरात शिरून बसेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"रैनीबाई," ती म्हणाली, "माही पोरगी बरी नाई झाली."

"काय म्हनते?"

"पाह्य हिच्याकडे." तिनं दिव्यानीच्या अंगावरची शाल बाजूला केली. पोर थरथरत होती. "दुखून राह्यलं तिले. तू त्याच्या गोळ्या चालू कर, आजच कर."

रैनी पोरीकडे बघत राहिली. मग तिनं आपला मुलगा छातीशी ओढला. "मंग तू खोटं काऊन बोल्ली?"

"मले वाटलं, बोलल्यानं होईल."

गाणं संपलं. भोंग्यातून पास्टरांचा आवाज आला, "आमची उर्वशीताई, तिनं पुढं यावं!" लोकांच्या माना वळल्या. उर्वशीनं दिव्यानीला खांद्यावर टाकलं आणि ती माणसांतून वाट काढत मंडपाबाहेर पडली. ती ऑटोत बसली तरी भोंगा तिचं नाव घेतच होता.

सरकारी दवाखान्यात पोरीला सलाईन लावलं, सुई दिली. गोळ्या केव्हापासून बंद आहेत, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. उर्वशीनं खरं सांगितलं. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खाली बघून लिहीत राहिल्या. रक्त चढवायचं होतं आणि ते गडचिरोलीहून यायचं होतं. तोवर वाट बघण्यापलीकडे कुणाच्याच हातात काही नव्हतं. बाहेर औषधाच्या खिडकीशी रैनी मुलाला कडेवर घेऊन उभी दिसली. तिनं उर्वशीकडे मान वळवली नाही.

संध्याकाळी पास्टर आले. उर्वशी पोरीजवळ खाटेवरच बसली होती; ते खाटेशी येऊन उभे राहिले.

"मले तरी सांगाचं होतं, उर्वशीताई."

"तुमी लय खुश होते, भाऊ."

हे त्यांच्या वर्मी बसलं. त्यांनी सवयीनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात प्रार्थना सुरू केली. उर्वशीनं त्यांचं मनगट धरलं.

"आज बरी कर म्हनू नका. ते आयकलं का ही दुखनं लपवते."

"मंग काय म्हनू?" पास्टरांनी विचारलं.

येशूला खिळलं त्या गुड फ्रायडेची गोष्ट उर्वशीनं प्रार्थनेत कितीदा ऐकली होती. त्यातला तिसरा दिवस, तो मेलेल्यांतून उठतो तो, तिला फार आवडे, आणि आधीचं सगळं ती ऐकून न ऐकल्यासारखं करी. आता तेच आधीचं आठवलं. क्रुसावर खिळलेला येशू आपल्या बापाला, देवाला, हाका मारत होता आणि वरून उत्तर आलं नव्हतं. म्हणजे कळ काय असते ते त्याला ठाऊक होतं. एवढंच तिच्यापाशी उरलं होतं.

तिनं हात जोडले. "प्रभू, मी तुह्या नावानं खोटं बोल्ली. पोरगी तडफडून राह्यली आन मले काईच करता येत नाई. तू जाऊ नको. इथीच बस."

दिव्यानी एकदम ओरडली. कितीतरी दिवसांनी ती मोकळ्या गळ्यानं ओरडली होती. सगळा वॉर्ड वळून बघू लागला. उर्वशीचा हात तिच्या तोंडाकडे गेला आणि तिनं तो मागे घेतला. कळ जरा ओसरली तेव्हा पोरीनं डोळे उघडले.

"माय, बसला काय व तो?"

उर्वशीला पुन्हा खोटं बोलायचं नव्हतं. "मले दिसत त नाई, बाई. पन बसला असन."

पोरीनं आईकडे बघितलं, मग खाटेकडे. "मंग तू सरक ना थोडी. त्याले जागा कुठी हाय?"

उर्वशी खाटेच्या अगदी कडेला सरकली. दिव्यानी पुन्हा मोठ्यानं रडायला लागली, आणि तिला कुणी गप्प केलं नाही.