प्रोकिपचा बोळा

गॅस कंपनीच्या माणसाने ओरिसियाच्या तळघरातली, घर गरम ठेवणारी जुनी फर्नेस बंद करून तिच्यावर धोक्याची लाल चिठ्ठी डकवली, तेव्हा कॅनडातल्या विनिपेगला हिवाळा तोंडावर आला होता. जळालेला विषारी वायू घरात परतत होता. गेल्या नाताळात जेवताना सगळ्यांची डोकी ठणकली, तेव्हा तिच्या नवऱ्याने, प्रोकिपने, सगळं खापर लसणावर फोडलं होतं. आता मुलगा मार्कियान फोनवर म्हणाला, "आई, बाळाला तळघरात झोपवायचं म्हणतेस. फर्नेसची खात्री नसेल तर आम्ही येत नाही." नातीला, दारकाला, ओरिसियाने अजून मांडीवरही घेतलं नव्हतं.

प्रोकिपला जुन्याच धुराड्याला जोडायची फर्नेस हवी होती. ओरिसियाला हवी होती दोन नळ्यांची. ती एका नळीने जळणासाठी बाहेरची हवा ओढते, दुसरीने धूर बाहेर सोडते आणि घरातल्या हवेला हात लावत नाही.

"घरात काय हवेचा दुष्काळ पडलाय?" प्रोकिप म्हणाला.

"चल खाली, दाखवते."

नाताळचा सगळा स्वयंपाक तळघरातल्या दुसऱ्या चुलीवरच व्हायचा. ओरिसियाने त्या दिवसासारखीच दारं-खिडक्या लावल्या, खालचे-वरचे धूर ओढणारे पंखे आणि कपडे वाळवायचं यंत्र सुरू केलं आणि थंड पडलेल्या धुराड्याच्या तोंडाशी मेणबत्ती धरली. ज्योत धुराड्यात जायचं सोडून सरळ त्यांच्याकडेच वळली. काजळीचा वास आला.

"पंखे हवा बाहेर फेकतात. मग घर ती कुठून ओढणार? धुराड्यातूनच!"

"पण बाहेरची हवा आत यायला भिंतीत पाइप आहे की," प्रोकिप म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

ओरिसियाने पाइपात हात घातला. आधी पायमोजा निघाला, मग टॉवेल, मग कानटोपी. गारठा आत येतो म्हणून त्या गल्लीतले झाडून सगळे पुरुष दर हिवाळ्यात हाच पराक्रम करत.

"अगं, सापडली माझी टोपी!"

ज्योत सरळ झाली. प्रोकिपला जोर चढला. "बघ, झालं काम! आता बोळा नाही कोंबणार. शपथ."

"पहिल्या थंडीत कोंबशील. लग्नापासून ओळखते तुला. तुझ्या बोळ्याला न घाबरणारी फर्नेस हवी मला."

"आणि तिच्या नळीत कोंबला तर?"

"ती बंद पडेल. मग बस कुडकुडत."

प्रोकिपने टोपी डोक्यावर चढवली. "बरं बाई, दोन नळ्यांची."

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मार्कियान बाळाला घेऊन सहकुटुंब आला आणि तळघरात रिवाजाचे बाराही पदार्थ शिजले. पंखे घोंघावत होते, विषारी वायूची सूचना देणारा भिंतीवरचा भोंगा गप्प होता आणि गोल पावात खोचलेली मेणबत्ती ताठ उभी राहून जळत होती. कुणाचंही डोकं दुखलं नाही. प्रोकिप मात्र जेवता जेवता तीनदा उठला आणि फावडं घेऊन बाहेर नळ्यांच्या तोंडासमोरचा बर्फ काढून आला. शेजाऱ्यालाही म्हणे त्याने पाइपातला बोळा काढायला लावला.

सकाळी तळघरातून दारकाने असा टाहो फोडला की सगळं घर जागं झालं. ओरिसिया धावत खाली गेली आणि तिने नातीला उचलून छातीशी धरलं.

"रड गं माझी राणी! छातीभर हवा घे आणि हवं तेवढं रड!"