कठड्यावरचं पिवळं लुगडं

दुसरा घास हातात होता आणि घंटा झाली.

मी घास पानात ठेवला, पानाला नमस्कार केला आणि उठले. शेजारच्या कमळाबाई दारात उभ्याच होत्या.

"उठलंस काय गो परत? आज आठवो दिवस!"

चूळ भरल्याशिवाय मला बोलता येत नव्हतं. मी मान हलवली.

"ह्या असा उपाशी रवान मरशील. देव काय बघूक येता?"

घंटा थांबली. मग ती नेहमीची मिनिटभराची शांतता. मग चाळीमागच्या डोंगरात सुरुंग उडाला, मांडणीवरची पातेली एकमेकांवर आपटली आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पाटावरून बोटभर पुढे सरकला. मी त्याला पुन्हा मागे बसवला. रोजचंच झालं होतं ते.

बेबी दोन वर्षांची असताना तापाने हातची जाणार होती. तेव्हा सासूबाईंनी मला हा नेम दिला. बारा वर्षं एकवेळ जेवायचं, तेही दुपारी नैवेद्य झाल्यावर, मुक्याने. आणि पानावर असताना घंटा ऐकली की उठायचं. मग दुसऱ्या दुपारपर्यंत फक्त पाणी. सासूबाईंच्या गावी देवळातली घंटा ठरल्या वेळी व्हायची, त्यामुळे तिथे हा नेम सोपा होता. मुंबईत, घोडपदेवात आमच्या चाळीमागे खडीची खाण आहे आणि तिथे सुरुंगाआधी घंटा देतात, हे त्यांना कुठून सुचावं! तरी अकरा वर्षं नीट गेली. सुरुंग चार वाजता उडत, तोवर माझी भांडी घासून झालेली असत. बाराव्या वर्षी कंत्राटदार बदलला आणि त्याने काळवेळ सोडली. मी बाराला बसले तर घंटा सव्वाबाराला. नैवेद्य लवकर करून अकराला बसले तर अकरा वाजून पाच मिनिटांनी. जणू कोणी माझं पान मांडलेलं बघूनच वाजवत होतं.

नेम मोडावा, तर बेबी डोळ्यांसमोर यायची. शाळेत निघालेली, दोन वेण्या घातलेली, धडधाकट. माझा धीर होत नसे.

आमचे हे, रमाकांत, गिरणीत टाइमकीपरच्या ऑफिसात कारकून. ह्यांनी इंग्रजीत तीन अर्ज केले. एका ऑफिसाने कळवलं, आवाज आमच्या वॉर्डात येतो हे खरं, पण डोंगर आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्याने कळवलं, डोंगर आमचा, पण आवाज तुमच्या वॉर्डातला. तिसऱ्याने अर्जावर तिकीट कमी आहे म्हणून तो परत पाठवला. हे म्हणाले, "चौथा करतो." मी म्हटलं, "करा." दुसरं काय म्हणणार!

चाळीच्या मंडळात मी गेले, तर तिथे गेरूने फलक रंगवणं चाललेलं. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, आधी मुंबई मिळू दे. मग खाण काय, त्या कंत्राटदारालाच बघू!"

"तोवर मी जेवू नको का?"

माझा आवाज मुळात बारीक. त्यात तेवढ्यात सुरुंग उडाला. कोणाला ऐकूच गेलं नाही.

नवव्या दिवशी नळावर घेरी येऊन पडले. कमळाबाईंनी मला उचललं आणि चाळीला, खाणीला, माझ्या सासूबाईंनासुद्धा शिव्या दिल्या. दहाव्या दिवशी पदर खोचून मी स्वतःच खाणीवर गेले.

घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा होता. त्याखाली लाल निशाण मांडीवर घेऊन एक म्हातारा बसला होता. नाव कुशाबा. सुरुंगांनी त्याचे कान अर्धेअधिक गेलेले.

"घंटेची वेळ ठरवता येईल का?" मी विचारलं.

"आँ?"

"वेळ! घंटेची!"

"घड्याळ न्हाई माझ्यापाशी, वैनी."

जन्मात मी कधी मोठ्याने बोलले नव्हते. त्या दिवशी पन्नास खडीवाल्यांसमोर ओरडले, "तुमच्या घंटेमुळे मी जेवत नाही हो!"

सगळे हातोडे थांबले. मला रडू फुटलं. मग मी बेबीचं, नेमाचं, सगळं ओरडूनच सांगितलं. हसावं की काय, कोणाला कळेना. कुशाबा मात्र हसला नाही. त्याने रुळावर हात ठेवला.

"घंटा बंद कराया सांगू नगा. घंटेबिगर मान्सं मरत्यात."

"बंद नको. मला फक्त जेवू द्या."

त्याने मान वळवून आमच्या चाळीकडे पाहिलं. "तुमचा मजला कंचा?"

"तिसरा. ते टोकाचं बिऱ्हाड."

"जेवान झालं म्हंजी कठड्यावर कायतरी टाका. ते दिसलं की मी टोला देतो. मुकादम बोंबलू दे. वात पेटती ती माझ्या घंटेवर."

मी पूजेला आणि जेवायला पिवळं लुगडं नेसत असे. तेच ठरलं. जेवण झालं की ते बदलून कठड्यावर टाकायचं. मी मुक्याने दहा मिनिटांत जेवायची, लुगडं टाकायची, की पलीकडून टण्ण! तीन ऑफिसांना आणि एका मंडळाला जे जमलं नाही, ते एका लुगड्याने केलं. संकष्टीला मी जेवतच नसे, तरी बाराच्या ठोक्याला लुगडं टाकायची. म्हाताऱ्याने उगाच खोळंबून राहू नये म्हणून. असे पाच महिने गेले. कमळाबाई म्हणायच्या, "घंटावालो तुझो मागच्या जन्माचो भाव असतलो."

मग ती संकष्टी आली.

सकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चातून ह्यांना पोलिसांनी लॉरीत घातलं. बेबीच्या शाळेजवळच्या एकाने येऊन सांगितलं आणि हेही सांगितलं, की पुढे गोळीबार झाला म्हणतात. कोणावर, कुठे, धड कोणालाच माहीत नाही. मी बेबीला कमळाबाईंकडे बसवलं, पिवळं लुगडं नेसले आणि देवापुढे बसले ती उठलेच नाही. किती वाजले याचं भान नव्हतं.

सुरुंग उडाला. बाळकृष्ण पाटावरून पालथा पडला. तो उचलताना माझ्या लक्षात आलं, की आज आधी घंटा झाली नाही. आणि मग माझं लक्ष माझ्या अंगावरच्या लुगड्याकडे गेलं.

मुकादमाने कंटाळून घंटेवाचून वात पेटवली होती. कुशाबाने ते पाहिलं तेव्हा रुळाकडे जायलाही वेळ नव्हता. निशाण हलवत, ओरडत तो सरळ खाली धावला आणि खडी वेचणाऱ्या चार बाया त्याने पिटाळल्या. त्या वाचल्या. त्याच्या कपाळाला दगड लागला, आणि कानांत जे काही थोडं उरलं होतं तेही गेलं.

हे दुसऱ्या दिवशी सुटून घरी आले, शर्ट फाटलेला, बाकी ठीक. मी दृष्ट काढली आणि त्याच पावली खाणीवर गेले. तिथे कळलं, म्हाताऱ्याला कामावरून काढलं. घंटा का दिली नाही म्हणून विचारल्यावर तो म्हणाला होता, "ध्यान नव्हतं." लुगड्याचं नाव त्याने काढलं नाही. मुकादमाला मी खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही घरी जा."

आता रुळाजवळ दुसरा माणूस आहे. तो मनाला येईल तेव्हा वाजवतो. कधी मी जेवते, कधी उठते. ह्यांचा सहावा अर्ज गेला आहे. माझ्या नेमाला एक महिना उरला आहे.

कुशाबाची खोली चाळीमागे डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या कठड्यासमोरच आहे. नैवेद्य झाला की मी आधी त्याचा डबा घेऊन निघते. पहिल्या दिवशी त्याने डबा उघडलाच नाही. दारातून आमच्या तिसऱ्या मजल्याकडे बघत राहिला. मग आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही अशा माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "वैनी, तुमी आजून जेवला न्हाई."

तेव्हापासून निघताना मी पिवळं लुगडं कठड्यावर टाकून येते. जेवलेली नसते, तरी टाकते.

आज त्याने ते पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि भाकरी मोडली. तेवढ्यात घंटा सुरू झाली. सवयीने मी उभी राहिले. तो जेवत होता. मग सुरुंग उडाला, पत्र्यावरून माती गळली. त्याने ताटावर हात धरला, माती झटकली आणि पुढचा घास घेतला.

मी खाली बसले आणि त्याला अजून अर्धी भाकरी वाढली.