गंध कपाळाला, भिंगाला नव्हे

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मित्रांनो, माझ्या जातीला दोन डोळे असतात, पण हात एकही नसतो. त्यामुळे कोणी काय लावले, काय आपटले, कशाने पुसले, ते सारे निमूटपणे सोसावे लागते. आज मात्र मी बोलणार आहे, आणि जरा रागावूनच बोलणार आहे.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. माझी सर्वांत शक्तिमान काच सर्वांत लहान आहे, मोहरीच्या दाण्याएवढी. ती घासताना कारागीर श्वास रोखून बसत असे. पेटीत बसून मी दक्षिणेला, तिरुनेलवेलीच्या वैद्यकीय महाविद्यालयात आलो आणि माझे हाल सुरू झाले. दिसत नाही म्हणून मुले माझे चाक पिळत राहायची. माझे नाक काचपट्टीवर आदळायचे, पट्टी कडकन फुटायची आणि पिळणारा शेजाऱ्याकडे पाहायचा. चटणीची बोटे तर रोजचीच.

पूंगोडी नावाची एक मुलगी तेवढी वेगळी होती. ती हात धुऊन बसायची आणि काम झाले की आठवणीने माझ्यावर झाकण घालायची. तिच्या सरांनी एकदा सर्वांसमोर सांगितले, “सगळ्यांत स्वच्छ चित्र या जुन्या यंत्रात दिसतं.” माझी एवढीच काय ती स्तुती.

पुढे नवी यंत्रे आली आणि मला कोठीत टाकण्यात आले. दमट हवेत माझ्या भिंगांवर बुरशी धरली. आयुष्यभर मी लोकांना बुरशी दाखवली आणि शेवटी ती माझ्याच डोळ्यांत उगवली!

पूंगोडी रक्त तपासणारी डॉक्टर झाली आणि चेन्नईला एका मोठ्या कंपनीत गेली. तिथे रक्ताच्या नळ्या सरकत्या पट्ट्यावरून जात, यंत्र आकडे छापत असे आणि ती पडद्यावर सही करत असे. एखाद्या आकड्याची शंका आली, की स्वतः डोळ्यांनी पाहायला ती काचपट्टी मागायची. तेव्हा साहेब म्हणायचे, “आकडे आहेत ना, मॅडम? मग पुढे चला.” एक दिवस ती खरोखरच पुढे चालू लागली, ती राजीनामा देऊन थेट घरी आली. महाविद्यालयाच्या लिलावातून तिने मला आणले, माझी बुरशी काढून घेतली आणि वडिलांच्या घराच्या पुढच्या खोलीत स्वतःची प्रयोगशाळा उघडली.

तिचे वडील, म्हणजे अप्पा, बस डेपोतले निवृत्त मेकॅनिक. त्यांना हे मुळीच पटले नव्हते.

“कंपनीची गाडी दारात यायची तुला न्यायला,” ते म्हणायचे. “आता दारात शेळी येते. तीसुद्धा पाटी चाटून निघून जाते.”

“येतील हो लोक, अप्पा.”

“कधी? समोरचा डॉक्टरसुद्धा रक्त न्यायला येणाऱ्या कंपनीच्या माणसाकडे देतो. तुझ्याकडे बघून फक्त मान हलवतो.”

ते खरे होते. समोरचे डॉक्टर सुडलैमुत्तू रोज आमच्या दारावरून जाणाऱ्या कंपनीच्या माणसाला हाक मारायचे. त्यातच चेन्नईहून साहेबांचा फोन आला: खुर्ची अजून रिकामी आहे, पूजेनंतर कळवा. पूंगोडी “दसऱ्याला सांगते” म्हणाली आणि तिने माझ्यावर झाकण घातले. ती गेली तर मला पुन्हा कोठी!

मग आयुधपूजा आली. तुम्ही तिला खंडेनवमी म्हणता. त्या दिवशी डेपोत बसला केळीचे खांब बांधतात आणि पुढच्या दोन्ही दिव्यांना गंध-कुंकवाचे भलेमोठे टिळे लावतात. अप्पांनी तीस वर्षे हेच केले होते. सकाळी पूंगोडी आत हरभऱ्याचे सुंडल, म्हणजे नैवेद्याची उसळ, परतत होती. अप्पांनी दाराला घडांसकट केळीचे खांब बांधले आणि मग माझे झाकण काढले. माझे दोन डोळे त्यांना समोरून नक्कीच बसच्या दिव्यांसारखे दिसले असणार. त्यांनी मनोभावे दोन्ही डोळ्यांवर चंदन थापले, वर कुंकू लावले. तेवढ्याने समाधान झाले नाही, म्हणून उरलेले बोट खाली नाकाच्या शेंड्याला, त्या मोहरीएवढ्या काचेला पुसले. वर कापूर ओवाळला. मित्रांनो, आंधळा करून ओवाळणे याला काय म्हणावे?

पूंगोडी बाहेर आली आणि तिने कपाळावर हात मारला. “अप्पा! हे काय केलंत?”

“पूजा केली. आता उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. आज हत्यारांना विश्रांती.”

तेवढ्यात डॉक्टर सुडलैमुत्तू स्वतः रस्ता ओलांडून आले. हातात रक्ताची नळी. मागे त्यांच्या ओट्यावर इसक्की नावाचा लॉरी ड्रायव्हर भर उन्हात घोंगडी पांघरून कुडकुडत होता.

“अण्णाची, मुलगी आहे का?” त्यांनी अप्पांना विचारले. (‘अण्णाची’ म्हणजे आमच्याकडचे ‘दादा’.) मग तिच्याकडे वळून म्हणाले, “ओडिशाहून आलाय. आठवडा उलटला, ताप उतरत नाही. कंपनीच्या यंत्रात प्लेटलेट कमी आल्या, म्हणून मी डेंग्यू धरून चाललोय. पण आज सकाळपासून बरळतोय. सणामुळे कंपनीचा माणूस नाही. तू बघतेस का?”

“आज नाही चालणार,” अप्पा मध्येच बोलले. “पूजेत बसवलंय.”

पूंगोडीने नळी घेतली, काचपट्टीवर थेंब ओढला आणि वर रंग ओतला. मग शांतपणे विचारले, “अप्पा, पूजेच्या दिवशी डेपोतून एकही बस सुटायची नाही?”

अप्पा घुटमळले. “सुटायची. लोकांना गावी जायचं असतं ना.”

“मग?”

“मग चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि गाडी काढायची.” ते लगबगीने दोन लिंबे घेऊन आले. “ही काय, याच्या दोन्ही बाजूंना चाकं आहेतच!”

“अप्पा, लिंबाचा रस उडाला तर संपलंच! उंबऱ्यावर फोडा.”

त्यांनी उंबऱ्यावर टाचेखाली लिंबे फोडली. मग तिने डोळा लावला. आत नुसते धुके! चंदन वाळले होते.

“दे, मी पुसतो,” म्हणत अप्पांनी नेसलेल्या वेष्टीचे, म्हणजे धोतराचे, टोक पुढे केले. मी मनात किंचाळलो.

“हात नका लावू! वाळलेलं चंदन घासलं तर वाळूने घासल्यासारखे काचेवर ओरखडे उठतील.”

तिने आधी रबरी फुग्याने कण उडवले. मग भिंग पुसायचा मऊ कागद औषधात भिजवून अलगद टेकवला, उचलला, टाकून दिला. पुन्हा नवा कागद. डॉक्टर येरझारा घालत होते. “अण्णाची, माझा पेशंट तिकडे तापतोय आणि तुमचं यंत्र इकडे आंघोळ करतंय!”

शेवटी धुके विरले. रंगलेल्या पट्टीवर तेलाचा थेंब पडला आणि मी दाखवले: लाल पेशींच्या कडेला चिकटलेल्या नाजूक अंगठ्या, एकेका पेशीत दोन-दोन. आणि अधूनमधून केळ्यासारखे वाकलेले जांभळे तुकडे.

“डॉक्टर, हा मलेरिया आहे. मेंदूवर जाणारा. आत्ताच्या आत्ता मोठ्या रुग्णालयात न्या, औषध शिरेतून लागेल. तुम्हीही बघा.”

डॉक्टरांनी पाहिले आणि धावत रस्ता ओलांडला. अप्पांनी भीतभीत डोळा लावला. हात मागे बांधून, बरे का. “दाराला बांधली तशी केळी रक्तात?” ते पुटपुटले. बराच वेळ ते तिथून हलले नाहीत.

दसऱ्याच्या सकाळी डॉक्टर आले. इसक्की शुद्धीवर आला होता, त्याने कांजी, म्हणजे तांदळाची पेज, मागितली होती. डॉक्टरांच्या हातात आणखी दोन नळ्या होत्या. पूंगोडी पट्ट्या रंगवत असताना चेन्नईहून फोन वाजला. तिचे हात निळे झालेले, म्हणून अप्पांनी उचलला.

“कोण? साहेब? मी तिचा अप्पा. ती कामात आहे.” मग माझ्याकडे पाहत म्हणाले, “नाही हो, आता नाही यायची. गाडी सुटली आमची. सुटलेल्या गाडीमागे धावू नये, साहेब, पडायला होतं.”

पूंगोडीने मान वर केली नाही. पण पट्टीवर रंग ओतणारा तिचा हात क्षणभर थांबला होता.

मित्रांनो, माझी भक्ती करू नका असे मी म्हणत नाही. पण ज्याची काळजी घ्यायची, त्याला कुठे दुखते ते आधी विचारा. मला हात धुऊन भेटा, वेष्टीने पुसू नका, काम झाले की झाकण घाला. यंदाच्या पूजेला अप्पा चंदनाची वाटी घेऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि आत हाक मारून म्हणाले, “पूंगोडी, याचं कपाळ कुठे आहे?”