डीच्या जागी चार

साहेबांनी मशीनचा कागद टेबलावर आपटला तेव्हा मार्सेलिनाच्या कपातला चहा अजून गरम होता.

"पहिल्याच ओळीत चूक. मशीनने तुमचा प्रोग्राम दारातूनच परत पाठवला."

पहिल्या शब्दात डी हवा होता. कागदावर छापला होता चार. मार्सेलिनाचं डोकंच फिरलं. मरोळहून रोज अंधेरीच्या या कॉम्प्युटर सेंटरात येऊन तिने आजवर दुसऱ्यांचेच प्रोग्राम कार्डांवर पंच केले होते. साहेबांच्या मागे लागून लागून यंदा कुठे ते कबूल झाले होते: स्वतः एक प्रोग्राम लिहा, चालला तर प्रोग्रामरची जागा तुमची. नाही तर सोमवारी बाहेरचा माणूस येणार होता.

आता या मशीनला डी कळतो का बी, तर काहीच कळत नाही मेल्याला. त्याला कळतात कार्डावरची भोकं. उभ्या रांगेत चारच्या घरात एक भोक पाडलं की तो आकडा चार. त्याच रांगेत अगदी वर आणखी एक पाडलं की त्याच चारचा डी होतो. म्हणजे साहेबांचं म्हणणं एवढंच, की हिने वरचं भोक पाडलंच नाही.

"पाडलंय, सर. नलिनीने सगळी कार्डं पडताळलीत."

"मग तुम्हा दोघी पंचिंगवाल्यांची चूक."

"मला एकदा कार्ड बघू द्या ना."

"संध्याकाळी बाहेर येतील तेव्हा बघा. आत गिऱ्हाइकांची कामं चाललीत."

मशीनरूममध्ये जायची मुभा फक्त ऑपरेटरला. काचेपलीकडे ट्रेमध्ये तिच्या कार्डांची गड्डी रबर लावून पडलेली दिसत होती, आणि हिने इथे बसून कुठल्याशा कारखान्याची पगाराची कार्डं बडवायची. दिवसभर तिने ती बडवलीच. डब्यातले बोंबील तसेच राहिले. दुपारनंतर तर स्वतःचाच भरवसा वाटेना. खरंच राहिलं असेल का भोक? नलिनीचंही लक्ष नसेल का?

सुटायच्या वेळी गड्डी हातात आली. पहिल्याच कार्डाच्या माथ्यावर डी स्वच्छ छापलेला. खाली चारच्या घरात भोक होतं. वरचंही होतं, पण लाल. तिने नखाने खरवडून पाहिलं. कुंकू होतं ते. ओलं लावलेलं, वाळून घट्ट बसलेलं. मशीन भोकातून येणारा उजेड बघतं, आणि या भोकातून उजेड जाणार कुठून?

परवा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पूजेसाठी म्हणून मशीनरूमचं दार सगळ्यांना उघडं होतं. ताट घेऊन पुढे नलिनीच होती. मार्सेलिनाच्या मनात तेव्हा पुसटसाही विचार आला नव्हता, की तिथेच ट्रेमध्ये आपली गड्डी ठेवलीय.

कार्ड घेऊन ती साहेबांकडे जाऊन आली, तेवढ्यात पर्स खांद्याला लावून नलिनी आलीच. सकाळपासून ती वरच्या मजल्यावरच्या कामात होती, तिला काही ठाऊक नव्हतं.

"काय गं, चाललं ना? चालणारच. मी मशीनच्या आधी तुझ्या गड्डीला कुंकू लावलं. म्हटलं, आपल्यातली एक तरी या पंचिंगमधून सुटू दे."

मार्सेलिनाने कार्ड तिच्या हातात दिलं. नलिनीने ते उजेडाकडे धरलं. तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तीही दिवसभर तीच भोकं बघायची.

"मी आत्ता जाऊन साहेबांना सांगते," ती म्हणाली.

"सांगून आले मघाशी. म्हणाले, मशीनला आठवडाभर वेळ नाही आणि त्या माणसाला पत्र गेलंय. आणि पुढल्या वर्षीपासून पूजा बंद."

नलिनी तिथेच खुर्चीवर बसून रडायला लागली. मार्सेलिनाला तिची दया आली नाही. आली असती तर बरं वाटलं असतं. तिने केसांतली पिन काढली, कार्ड परत घेतलं आणि भोकातलं कुंकू कोरायला लागली.